बाकावरचा दुसरा माणूस

भुदरगड तालुक्यात गवा कुणाला नवा नाही. राधानगरीच्या जंगलाकडच्या गावांत रात्री कळप उसात, भातात उतरतो आणि सकाळी गारगोटीच्या स्टँडवर चहाच्या गाड्याभोवती कुणाचं किती नुकसान झालं याचीच बोलणी असतात. म्हणूनच मौनी विद्यापीठाजवळच्या मैदानावर एका पोराच्या छातीवर गवा दिसला तेव्हा मी त्याला थांबवलं. नारिंगी शर्ट, त्यावर शिंगं उगारलेला गवा. एफसी गोवा या फुटबॉल क्लबचं ते चिन्ह. थोरला भाऊ गोव्यात कामाला असतो, त्यानं आणलेला शर्ट. पोरगं नववीतलं. कोरो कोण, हे त्याला माहीत होतं. लोबेरा हे नावही माहीत होतं. लोबेरा गेल्यावर त्या संघाला कुणी खेळवलं, असं विचारलं तर तो गप्प झाला आणि शेजारच्याकडे बघू लागला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वारस’ हा विषय दिला, तेव्हा गाण्यातली घराणी, साखर कारखाने, आमदारकी असं सगळं डोळ्यांसमोर आलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं होतं ते मैदानाकडेच्या बाकावर मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल. लोकांचा लाडका गुरू एक दिवस निघून जातो. संघ तोच, मैदान तेच, दुसऱ्या दिवशीचा सरावही ठरलेल्या वेळीच. आणि शिट्टी त्या दुसऱ्या माणसाच्या हातात येते. तेव्हा नेमकं काय घडतं?

गारगोटी तशी कबड्डीची आणि कुस्तीची. फुटबॉल इथं आला तो सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरातून, आणि अलीकडे मोबाइलमधून. रात्री बाराच्या पुढं युरोपातले सामने बघणारी पोरं सकाळी वर्गात पेंगतात, अशी शिक्षकांची तक्रार ऐकली. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला युरोपापर्यंत जायची गरज नव्हती. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, बांदा आणि पुढं गोवा. सहा वर्षांपूर्वी हीच गोष्ट तिथं घडली होती, आणि ज्याच्यावर ती बेतली तो माणूस गोव्याच्याच मातीतला होता.

तीन सामने बाकी असताना

३१ जानेवारी २०२०. इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात एफसी गोवा अव्वल होता. १५ सामने, ३० गुण, साखळीतले तीन सामने शिल्लक. त्या दिवशी क्लबनं मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्यापासून फारकत घेतल्याचं जाहीर केलं. पहिल्या क्रमांकावरच्या संघाचा प्रशिक्षक हंगाम संपत आलेला असताना जातो, हे गोव्यातल्या प्रेक्षकांना पचायला जड गेलं. कारणांची बरीच चर्चा झाली. त्या खोलात मी शिरत नाही, कारण माझा विषय गेलेला माणूस नसून राहिलेला माणूस आहे.

पण लोबेरा गोव्याला इतके का भावले, हे सांगायलाच हवं. २०१४ मध्ये क्लब सुरू झाला तेव्हा पहिले तीन हंगाम ब्राझीलचे महान खेळाडू झिको प्रशिक्षक होते. २०१७ मध्ये स्पेनचे लोबेरा आले. बार्सिलोनाच्या युवा संघांबरोबर काम केलेला हा माणूस चेंडू कधीही आंधळेपणानं पुढं फेकू देत नसे. गोलरक्षकापासून चाल रचायची. मोरोक्कोचा अहमद जाहू खाली बचावपटूंमध्ये येऊन चेंडू घेणार, दोन्ही बगलांचे बचावपटू वर सरकणार, ह्युगो बूमूस प्रतिस्पर्ध्यांच्या दोन फळ्यांमधली फट शोधणार आणि शेवटी चेंडू फेरान कोरोमिनासच्या, म्हणजे कोरोच्या पायात. कोरोनं पहिल्या हंगामात १८ आणि दुसऱ्यात १६ गोल केले. या साऱ्या परदेशी कारागिरीत मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज, सेरिटन फर्नांडिस ही गोव्याची पोरं कडेला उभी नव्हती, चाल त्यांच्या पायांतून जात होती. चेंडू पायात ठेवून खेळणं गोव्यात आधीपासून लोकांना आवडतं. लोबेरांनी त्यांना त्यांचाच आवडता खेळ अधिक देखणा करून दाखवला. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या अंतिम सामन्यात जादा वेळेतल्या एका गोलनं बंगळुरूविरुद्ध हार झाली, पण पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप जिंकला.

अशा माणसाची जागा क्लबनं हंगामापुरती क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सोपवली. सोबतीला तांत्रिक संचालक डेरिक परेरा. क्लिफर्ड म्हणजे डेंपो क्लबचा एकेकाळचा डावा विंगर. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेंपोनं २००४-०५ ते २०११-१२ या काळात देशाचं विजेतेपद पाच वेळा पटकावलं, त्या संघातला. निवृत्तीनंतर त्यानं एफसी गोवाचा राखीव संघ सांभाळला आणि मुख्य संघात सहायक म्हणून काम केलं. पोरांना तो रोज दिसत होता. त्याच्या हातात आतापर्यंत संघनिवड नव्हती, एवढंच.

पहिला सामना पाच दिवसांवर. ५ फेब्रुवारीला मडगावच्या फातोर्डा मैदानावर हैदराबादविरुद्ध ४-१. १२ तारखेला मुंबई सिटीविरुद्ध ५-२. १९ तारखेला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० नं हरवलं आणि ३९ गुणांसह साखळीतलं पहिलं स्थान पक्कं केलं. त्या हंगामापासून पहिल्या क्रमांकाला लीग विजेत्यांची ढाल आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश असं दुहेरी बक्षीस होतं. भारतातल्या कुठल्याही क्लबला तोवर ती गटसाखळी गाठता आली नव्हती. तीन सामन्यांत १४ गोल केले, तीन खाल्ले.

या आकड्यांचं काय करायचं, यावर मडगावात मी बऱ्याच जणांशी बोललो. एक गट म्हणतो, गाडी लोबेरांनी उतारावर आणून सोडली होती, क्लिफर्डनं फक्त स्टिअरिंग धरलं. हैदराबाद तर तेव्हा तळाचा संघ होता. हे खरंच आहे. पण मला दुसरी बाजूही तितकीच खरी वाटते. अव्वल असताना गुरू काढला गेला, की खेळाडूंच्या डोक्यात राग असतो, करारांची चिंता असते, पुढच्या हंगामात आपण असू का ही धाकधूक असते. अशा खोलीत शिरून पाच दिवसांत अकरा जणांना पुन्हा त्याच लयीत खेळायला लावणं हे उतारावरच्या गाडीचं काम नाही. कोसळायला तेवढं कारण पुरेसं होतं, आणि संघ कोसळला नाही.

उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनकडून चेन्नईत १-४ अशी हार पदरी पडली. ७ मार्चला फातोर्ड्यावर गोव्यानं ४-२ असा विजय मिळवला, पण दोन्ही सामने मिळून ५-६ असा हिशोब झाला. आठवड्यानं अंतिम सामना याच फातोर्ड्यावर झाला, एटीके आणि चेन्नईयिन यांच्यात. कोरोना आला होता. यजमानांचा संघही नव्हता आणि प्रेक्षकही नव्हते.

मग क्लबनं नवे मुख्य प्रशिक्षक आणले, स्पेनचेच हुआन फेरांडो. क्लिफर्ड पुन्हा सहायकाच्या जागेवर बसला.

शंकू मांडणारा, ऐकून घेणारा

सहायक प्रशिक्षक करतो काय, हे प्रेक्षकाला फारसं दिसत नाही. सामन्यात तो मुख्य प्रशिक्षकाच्या कानाशी लागून काही बोलतो, वही दाखवतो, बदली खेळाडूच्या खांद्यावर हात टाकून त्याला कोपऱ्यात समजावतो, एवढंच कॅमेरा टिपतो.

खरं काम सकाळी सुरू होतं. खेळाडू यायच्या आधी मैदानावर शंकू मांडलेले हवेत. आज कोण कुणाविरुद्ध खेळणार त्याप्रमाणे रंगीत बनियन वाटून ठेवलेले हवेत. कॉर्नर आणि फ्री किकच्या चाली बहुतेक ठिकाणी सहायकाकडेच असतात: कोण पहिल्या खांबाशी धावणार, कोण गोलरक्षकासमोर उभा राहणार, कोण मागं थांबून प्रतिहल्ला अडवणार. प्रतिस्पर्ध्यांच्या मागच्या सामन्यांचं चित्रण बघून त्यातले तुकडे काढून ठेवायचे. परदेशी प्रशिक्षक इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये बोलतो, ते मणिपूरच्या पोराला हिंदीत आणि मडगावच्या पोराला कोकणीत नीट पोहोचलं का ते पाहायचं.

याहून अवघड काम वेगळंच आहे. पंचवीसेक जणांच्या संघात अकरा खेळतात, काही बाकावर बसतात आणि उरलेले प्रेक्षकांत. मुख्य प्रशिक्षकाचं लक्ष खेळणाऱ्यांवर असतं. न खेळणाऱ्यांना सरावात धारदार ठेवणं, त्यांची कुरकुर ऐकून घेणं, घरी आई आजारी आहे, पगार अडकलाय, गुडघा दुखतोय पण सरांना सांगू नका, हे सगळं सहायकाकडे येतं. तो खेळाडूंचं मुख्य प्रशिक्षकाला सांगतो, पण सगळं सांगत नाही. काय पोहोचवायचं आणि काय पोटात ठेवायचं, ही त्याची खरी विद्या.

आणि ज्या दिवशी तो मुख्य होतो, त्या दिवशी हीच विद्या त्याला जड जाते. काल ज्याचं गाऱ्हाणं ऐकलं, त्याचंच नाव आज यादीतून खोडायचं आहे. कुणाचा गुडघा खरोखर दुखतो आणि कुणाचा सामन्याआधीच दुखतो, हे त्याला ठाऊक आहे, आणि आपल्याला हे ठाऊक असल्याचं त्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरून आलेला नवा प्रशिक्षक अनोळखीपणाच्या आडोशानं निर्णय घेऊ शकतो. आतून वर आलेल्याला तो आडोसा नाही.

शँकली गेल्यावर

ही अडचण जगात सगळ्यांत जास्त कुणी सोसली असेल तर बॉब पेस्ली यांनी. लिव्हरपूलच्या या कहाणीकडे वळल्याशिवाय या विषयावर लिहिता येणार नाही.

बिल शँकली डिसेंबर १९५९ मध्ये लिव्हरपूलला आले तेव्हा संघ दुसऱ्या विभागात होता. त्यांनी तो वर आणला, लीग जिंकून दिली, एफए कप मिळवून दिला आणि शहरातल्या गोदी कामगारांना आपलासा वाटणारा क्लब उभा केला. १२ जुलै १९७४ रोजी त्यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. शहर हादरलं. क्लबनं त्यांच्या जागी बसवलं पेस्लींना. ते १९३९ पासून याच क्लबात होते, आधी खेळाडू, मग फिजिओ आणि ट्रेनर, मग शँकलींचे सहायक. कमी बोलणारे, संकोची, दुखापत नजरेनं ओळखणारे. त्यांना ही खुर्ची नको होती, हे सर्वश्रुत आहे.

पुढचा काळ अवघड होता. सरावाच्या मेलवूड मैदानावर शँकली येतच राहिले. सवय सुटत नव्हती. खेळाडू त्यांना पूर्वीसारखंच ‘बॉस’ म्हणत आणि पेस्लींना ‘बॉब’. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. पंधरा वर्षांची सवय होती आणि प्रेम होतं. पण एका मैदानावर दोन मुख्य माणसं चालत नाहीत. शेवटी त्यांचं तिथं येणं थांबलं, आणि ते थांबणं शँकलींना फार लागलं. मी हे पुन्हा वाचतो तेव्हा माझी सहानुभूती दोघांमध्ये वाटली जाते आणि कुणाकडे जास्त जावी हे ठरत नाही.

पेस्लींचा पहिला हंगाम चषकाविना गेला, संघ दुसरा आला. पुढच्या वर्षी लीग आणि यूएफा कप. नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदं, आणि १९७७, १९७८, १९८१ असे तीन युरोपियन कप, जे शँकलींना कधीच मिळाले नव्हते. पण मला त्याहून बोलका वाटतो तो रे केनेडीचा प्रसंग. शँकली गेले त्याच दिवशी केनेडी क्लबात दाखल झाला, आघाडीचा खेळाडू म्हणून. शँकलींनी शेवटचा घेतलेला खेळाडू. पेस्लींनी काही काळानं त्याला मागं खेचून मध्यफळीत डावीकडे खेळवलं आणि तिथं तो युरोपातल्या उत्तम खेळाडूंत गणला गेला. आधीच्या गुरूनं निवडलेला माणूस ठेवला, पण त्याची जागा बदलली. सहायकाकडून मुख्य झाल्याची खूण मला इथं दिसते.

१९८३ मध्ये पेस्ली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी त्यांचे सहायक जो फेगन आले आणि पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तीन चषक घेऊन गेले. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर बूट ठेवायची एक छोटी खोली होती. तिथं हे सहायक सामन्यानंतर बसत, खेळाडूंबद्दल बोलत, रोजच्या सरावाच्या नोंदी वह्यांत ठेवत. लिव्हरपूलचे वारस या खोलीत तयार झाले.

पेठेतला फुटबॉल

कोल्हापूरला हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या फुटबॉल संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. पेठेतल्या तालमींनी हा इंग्रजी खेळ उचलला आणि आपला केला. तालमीत वस्तादाची जागा जाहिरात देऊन भरत नाहीत. वर्षानुवर्षं त्याच मातीत राहिलेला, पोरांच्या खुराकाचा, दुखण्याखुपण्याचा, घरच्या परिस्थितीचा हिशोब ठेवणारा एखादा थोरला पैलवान हळूहळू वस्तादाचं काम करू लागतो, आणि वस्ताद थकले की त्यालाच वस्ताद म्हणू लागतात. पेठेतल्या फुटबॉलला ही चाल ओळखीची आहे.

शाहू स्टेडियमवर हंगामातल्या एका दुपारी मी प्रेक्षक गॅलरीत नुसता बसून होतो. पेठेपेठेचे झेंडे, हलगी, मधूनच एखाद्या चुकलेल्या पासवर हजार तोंडांनी उठणारा हळहळीचा आवाज. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटातल्या या संघांचे प्रशिक्षक बहुतेक माजी खेळाडू असतात, पोटापाण्याचा धंदा किंवा नोकरी सांभाळून सकाळी गांधी मैदानावर, दुधाळीवर सराव घेणारे. त्यांच्या शेजारी तालमीचे जुने कार्यकर्ते बसतात आणि त्यांचं मत जोरात असतं. दोन सामने हरले, की नव्या प्रशिक्षकाच्या कानावर जुन्याचं नाव पडायला लागतं. तो जुना बहुधा दहा-पंधरा पायऱ्यांवर, त्याच गॅलरीत बसलेला असतो. कोल्हापुरात गेलेला प्रशिक्षक कुठं जात नाही. पेठ तीच, चहाची टपरी तीच. शँकलींच्या मेलवूडवरच्या फेऱ्या मला इथं बसून जास्त नीट कळल्या.

एका तरुण प्रशिक्षकाशी सामन्यानंतर बोलणं झालं. अनेक वर्षं तो एका संघात ज्येष्ठ प्रशिक्षकांचा मदतनीस होता, आता मुख्य आहे. त्याचं नाव मी इथं देत नाही. आपण मुख्य झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सर्वांत जवळच्या पोराला वगळावं लागलं, हे सांगताना त्याचा आवाज बदलला. सरांना त्यानं आधी फोन करून विचारलं नाही, मुद्दाम विचारलं नाही. सरांना ते आवडलं, असं त्याला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. निवडीच्या आदल्या रात्री जुन्या गुरूला फोन न करणं, हे मला त्या सगळ्या संभाषणातलं सर्वांत धीराचं काम वाटलं.

‘हंगामी’ नावाची पाटी

लिव्हरपूल आणि पेठ यांच्यापेक्षा भारतीय क्लब फुटबॉलची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. इथं सहायकाला खुर्ची मिळते ती पेच पडल्यावर, आणि पेच सुटला की ती परत घेतली जाते. मधल्या काळासाठी त्याच्या नावापुढं ‘हंगामी’ लिहिलेलं असतं.

याला कारणं आहेत. मुख्य प्रशिक्षकासाठी आशियाई महासंघाचा प्रो परवाना लागतो. डी, सी, बी, ए आणि मग प्रो, अशी ती शिडी आहे. प्रत्येक पायरीला वेळ, पैसा आणि प्रत्यक्ष संघ हाताशी असावा लागतो. गारगोटीतल्या शाळेत पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या शिक्षकाला डीच्या अभ्यासक्रमासाठी सुट्टी मिळवायची म्हटलं तरी किती खटपट, हे त्यानं मला सांगितलं. पण परवाना हातात असलेले भारतीयही बरीच वर्षं बाकावर दुसरेच राहिले, तेव्हा सगळं कारण कागदाचं होतं असं म्हणता येत नाही. क्लबमालकांना परदेशी नावाचा भरवसा वाटतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते मी इथं स्पष्ट लिहितो.

खालिद जमील यांचं उदाहरण घ्या. मुंबईच्या महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा संघांतून खेळलेला हा मध्यफळीचा खेळाडू. मुंबई एफसीला त्यांनी प्रशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं मर्यादित पैशांत पहिल्या विभागात टिकवून ठेवलं. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. तरी सुपर लीगमध्ये त्यांच्या वाट्याला आलं ते नॉर्थईस्ट युनायटेडचं सहायकपद. जानेवारी २०२१ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक जेरार्ड नूस यांना काढलं आणि खालिद हंगामी झाले. संघ साखळीत पुढचे नऊ सामने हरला नाही आणि उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या मोसमात क्लबनं त्यांना कायम केलं. सुपर लीगमधले ते पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक. तो मोसम वाईट गेला, संघ अकरांत दहावा आला, हेही नोंदवायला हवं. दुसऱ्यानं बांधलेला संघ सावरणं आणि स्वतःचा बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं शिकायला अपयशाची मुभा लागते. परदेशी प्रशिक्षकाला एका वाईट मोसमानंतर दुसरा क्लब मिळतो, भारतीयाला ती मुभा क्वचित.

मुंबई सिटीनं वारसाच्या प्रश्नाला वेगळं उत्तर शोधलं होतं. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहानं तिथं बहुतांश हिस्सा घेतला, तो २०२५ पर्यंत होता. पुढच्या वर्षी लोबेरा गोव्याहून तिथं आले, त्यांच्यामागोमाग जाहू, बूमूस, मुर्तदा फॉल आणि गोव्याचा लाडका मंदारही. २०२०-२१ मध्ये त्यांनी ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. उपांत्य फेरीत हरवलं ते गोव्यालाच, पेनल्टीवर. लोबेरा गेल्यावर आले डेस बकिंगहॅम, समूहाच्याच मेलबर्न सिटीतले सहायक. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तेही गेले, मधले दिवस सहायक अँथनी फर्नांडिस यांनी ओढले आणि मग आले पीटर क्राटकी, तेही मेलबर्नचे सहायक. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ नं हरवून त्यांनी चषक जिंकला. म्हणजे इथं वारस दुसऱ्या खंडातून येत होता. त्याला खोलीतली माणसं माहीत नसत, पद्धत माहीत असे. ही व्यवस्था यशस्वी होती, हे मान्य. पण मधले दिवस ओढणाऱ्या स्थानिक सहायकाचं नाव कुणाच्या ध्यानात राहतं?

पुन्हा तोच लोबेरा

क्लिफर्डची गोष्ट २०२० मध्ये संपली नाही. त्यानं मिळवलेल्या जागेवर एफसी गोवा एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग खेळला, फातोर्ड्यावरच, फेरांडोंच्या हाताखाली. कतारच्या अल रय्यानला दोनदा आणि अमिरातीच्या अल वाहदाला एकदा बरोबरीत रोखलं. क्लिफर्ड त्या बाकावर होता, दुसरा.

मग तो ओडिशाला गेला, सहायक म्हणूनच. २०२३ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक जोसेप गोम्बाऊ गेले आणि सुपर कपसाठी संघ हंगामी म्हणून क्लिफर्डकडे आला. २५ एप्रिलला कोझिकोडच्या अंतिम सामन्यात ओडिशानं बंगळुरूला २-१ नं हरवलं. दोन्ही गोल दिएगो मॉरिसिओचे. क्लबच्या इतिहासातला तो पहिला चषक. चारच दिवसांनी गोकुलमला ३-१ नं हरवून त्यानं संघाला एएफसी कपचं दारही उघडून दिलं.

यानंतर ओडिशानं नवे मुख्य प्रशिक्षक नेमले. ते होते सर्जिओ लोबेरा. तीन वर्षांपूर्वी ज्यांची खुर्ची क्लिफर्डनं सांभाळली, त्यांनाच त्यानं आता खुर्ची मोकळी करून दिली आणि स्वतः मोहन बागानला गेला. पद: सहायक. तिथंही जानेवारी २०२४ मध्ये फेरांडोंना काढल्यावर सुपर कपमध्ये संघ त्यानंच हाताळला.

मडगावात एका जुन्या प्रेक्षकाला मी हा सगळा प्रवास सांगत होतो, तर त्यांनी मला २०११ ची आठवण करून दिली. तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो होते. त्यांनी पद सोडलं आणि त्यांचे सहायक साव्हियो मदेरा मुख्य झाले. त्याच डिसेंबरात दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० नं हरवून भारतानं सॅफ स्पर्धा जिंकली. त्या चारांतला एक गोल क्लिफर्ड मिरांडाचा होता. सहायकाचा मुख्य झालेला माणूस संघाला कसा घेऊन जातो, हे त्यानं आधी खेळाडू म्हणून पाहिलं होतं.

मदेरांनंतर राष्ट्रीय संघाला तेरा वर्षं भारतीय मुख्य प्रशिक्षक मिळाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ती जागा खालिद जमील यांना मिळाली आणि पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये, भारतानं ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

त्यानंतर चेन्नईयिननं क्लिफर्डला मुख्य प्रशिक्षक नेमलं. या वेळी ‘हंगामी’ हा शब्द नव्हता. पहिली स्पर्धा सुपर कप, तीही गोव्यात. ईस्ट बंगालकडून ०-४ आणि मोहन बागानकडून ०-२ अशा हारी झाल्या. शेवटचा गटसामना होता डेंपोशी. डेंपोच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक होता समीर नाईक, कुलासोंच्या त्याच संघातला बचावपटू, क्लिफर्डचा जुना सहकारी. सामना बरोबरीत सुटला. चेन्नईयिन स्पर्धेबाहेर गेला.